ओढ्याकाठचा हरभरा

डॅल्बीजवळ, शेतावरून
२ जुलै

लायल,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की उलट एक अंगठा येतो. गेल्या पाच महिन्यांत तुझ्याकडून मला सात अंगठे आले, म्हणून आता कागदावर लिहिते आहे. जेराल्टनच्या बंदरावर धान्याचे ट्रक चालवणाऱ्या माणसाला सख्ख्या बहिणीचं एक पत्र वाचण्याइतका वेळ मिळत असावा असं मी धरून चालते.

विषय हरभऱ्याचा आहे. ओढ्याकाठच्या तुकड्यात गेल्या हंगामात कपाशी होती, ते तुला मी सांगायला नको. सलग चार वर्षं कपाशी घेऊन ती जमीन थकली होती, म्हणून या जून-जुलैच्या हिवाळ्यात फेरपालट करायची हे आपलं ठरलेलंच होतं. कपाशीची वेचणी झाली, मेच्या शेवटी मी हरभरा पेरला. उगवण अशी झाली की जाणारे-येणारे गाडी थांबवून बघायचे. तीन आठवडे. मग खालची पानं कडेने पिवळी पडायला लागली, मग तपकिरी, मग रोप जागच्या जागी वाळलं. आधी वाटलं पाणी साचलं, मग वाटलं मर रोग आहे. आपली शेतीसल्लागार टॅम्सिन येऊन गेली. तिने एक रोप उपटून मुळं पाहिली, पानं उलटसुलट केली आणि म्हणाली, रोग नाही, औषध आहे. जमिनीत मुरून राहणारं तणनाशक. कपाशी ते सोसते, हरभरा सोसत नाही.

तर आता सांग, तू काय मारलंस आणि किती मारलंस?

फवारणीच्या वहीत तुझ्या अक्षरात नोंद आहे: चौदा नोव्हेंबर, एक फवारणी, नेहमीचं प्रमाण. टॅम्सिन म्हणते, एवढंच मारलं असेल तर आपण उन्हाळाभर पाणी दिल्यावर ते पेरणीपर्यंत उतरायला हवं होतं. म्हणजे वही खोटी आहे. त्या फ्लीबेनच्या तणावर तुझा राग होताच. ग्लायफोसेटसारख्या नेहमीच्या तणनाशकाला ते भीक घालत नाही म्हणून तू रोज जेवताना कुरकुरायचास. हात सैल सोडलास ना तिथे?

आणि मी आंधळेपणाने पेरलं असं म्हणू नकोस. पेरणीआधी शेतातली माती कुंड्यांत भरून त्यात हरभऱ्याचे दाणे लावून पाहिले होते. सगळे छान वाढले. मी माझं काम केलं.

बाबा उत्तम आहेत. तू विचारलं नाहीस तरी सांगते. तू जानेवारीत त्यांच्या हातातून ट्रॅक्टरच्या किल्ल्या काढून घेतल्यास आणि मी त्या तुझ्यासमोर परत त्यांच्या हातात ठेवल्या, याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा ट्रॅक्टर एकदा पाटाच्या काठावर चढला म्हणून त्याला खुर्चीत बसवून ठेवायचं नसतं. ती जमीन त्यांची आहे. तू त्यावरून घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलास, तो तुझा प्रश्न.

उत्तर पाठव. शब्दांत.

डेस्ली


१६ जुलै

लायल,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट फाडलं तर आत एवढंच: “एकदाच मारलं. नोव्हेंबरात. वहीत आहे.” पाच शब्दांसाठी तू एवढं मोठं पाकीट वाया घालवलंस.

मग तुला काही माहीत नाही असं धरून सांगते. सोमवारी टॅम्सिन परत आली. आता रोपं पुरती मेली आहेत, त्यामुळे शेत लांबून वाचता येतं. सरसकट मेलेलं नाही, पट्टे आहेत. आठ ओळी मेलेल्या, मग काही ओळी जिवंत, मग परत आठ मेलेल्या. टॅम्सिनने पावलं टाकून मोजलं, मग फीत काढून मोजलं. तुझं फवारणी यंत्र चोवीस ओळींचं. आठ ओळींचं जुनं यंत्र शेडमागे गवतात पडलं आहे, जे बाबांनी तू शाळेत असताना घेतलं होतं.

टॅम्सिन म्हणाली, “डेस्ली, इथे दोनदा पडलंय. एकदा मोठ्या यंत्राने आणि नंतर कधीतरी या लहान यंत्राने. दुसरी खेप उशिराची असणार. कोणी मारली?”

मी म्हटलं, एखादा कंत्राटी माणूस असेल, बघून सांगते. कंत्राटी माणसाने शेडमागचं आपलं यंत्र का काढावं, हे तिने विचारलं नाही. मुलगी हुशार आहे. स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि गेली.

मला काय वाटतं ते सांगते. जानेवारीत भांडण झाल्यावर तू लगेच गेला नाहीस, पाच दिवस शेडवरच्या खोलीत झोपलास आणि आमच्याशी बोलला नाहीस. त्या पाच दिवसांत रागाच्या भरात तू ते जुनं यंत्र बाहेर काढलंस. पट्टेसुद्धा सरळ नाहीत. एका जागी तर मेलेला पट्टा मध्येच वळतो, मोठा वळसा घेतो आणि परत ओळीला लागतो, सपाट रानात, जिथे काही नाही. तू प्यायलेला होतास का?

बाबांनी विचारलं हरभरा कोणी मारला. मी सांगितलं, लायलने. खोटं कशाला सांगू?

डेस्ली


२६ जुलै

लायल,

हे पत्र मी दोनदा फाडलं आहे. तिसऱ्यांदा फाडणार नाही, कारण घरात कागद संपत आलाय आणि दुकान बत्तीस किलोमीटरवर आहे.

शनिवारी बाबांना गाडीत घालून ओढ्याकाठी नेलं. त्यांना घरात एकटं सोडता येत नाही. होय, आता लिहितेच: येत नाही. चहाचं भांडं विस्तवावर विसरतात. कुत्र्याला तीनदा खायला घालतात किंवा घालतच नाहीत. मागच्या महिन्यात आई गेली हे विसरून तिला हाक मारत होते. मी पहिल्या पत्रात ‘उत्तम’ लिहिलं, कारण खरं वाचून तुला आनंद झाला असता असं मला वाटलं. आनंद बरोबर ठरल्याचा. तो मला तुला द्यायचा नव्हता.

तर आम्ही पट्टा वळतो तिथे उभे होतो. थंड वारा होता, बाबांनी कॉलर वर केली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, “इथे यंत्र कोणी वळवलं असेल, बाबा?”

मी सहा वर्षांची असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “झाडाला वळसा नको का घालायला?”

“कुठल्या झाडाला?”

“कूलिबाच्या. फांद्या केवढ्या खाली आल्यात, दांडा अडकतो. लायलला सांगितलंय छाटायला, तो ऐकतोय कुठे.”

आणि त्यांनी मान वर करून फांद्यांकडे पाहिलं. लायल, तिथे आभाळ होतं. ते झाड वीज पडून जळालं त्याला बारा वर्षं झाली. बुंधा तूच खणून काढलास, तीन दिवस लागले, पाठ धरली होती तुझी. तिथे आता काळी सपाट माती आहे आणि तिच्यात नसलेल्या झाडाभोवती मेलेल्या हरभऱ्याचा इतका नीट, इतका गोल वळसा आहे, की तसा वळसा घ्यायला मला किंवा तुला जमणार नाही.

घरी येऊन त्यांना सूप दिलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

आता जे मला माहीत होतं ते लिहिते. ‘आत्ता कळलं’ असं लिहिलं तर ते खोटं होईल.

तू गेल्यावर, फेब्रुवारीत, दाढ काढायला मला टुवूम्बाला जावं लागलं. दोन दिवस. बाबांना म्हटलं, फ्रीजमध्ये जेवण आहे, कुठे जाऊ नका. परत आले तर ते व्हरांड्यात बसलेले, मान उन्हाने लाल, बुटांना काळी माती. तीन ताटं जेवले त्या दिवशी. मला म्हणाले, “चला, काम उरकलं.” कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी विचारलं नाही कुठलं काम.

शेडमध्ये मुरणाऱ्या औषधाचे दोन रिकामे डबे होते. तीनदा विसळून, भोक पाडून उलटे ठेवलेले, जसं त्यांनी आपल्याला शिकवलं. मी ते इतर रिकाम्या डब्यांच्या ढिगात टाकले. वहीत लिहिलं नाही.

मग ओढ्याकाठी कपाशीत एक मोठी गोल वाट तुडवलेली दिसली. मी सगळ्यांना सांगितलं, रानडुकरं शिरली. रानडुकरं गोल फिरत नाहीत. कपाशीची खालची पानं पिवळी पडली, ती मी उन्हाच्या माथी मारली.

आणि त्या कुंड्या. टॅम्सिनने मला बजावलं होतं, शेतभर फिरून निदान वीस ठिकाणची माती घे. मी फाटकाजवळची एक बादली भरली आणि परत आले, कारण बाबा घरी एकटे होते. फाटकाजवळ त्यांचं यंत्र पोचलंच नव्हतं. तिथला हरभरा आजही हिरवागार आहे, मला चिडवत.

म्हणजे मला माहीत होतं आणि नव्हतं. असं होतं का रे माणसाचं? तुझं झालं नसतं. तू जानेवारीत जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून म्हणालास, “डेस, एक दिवस हे कोणाला तरी मारतील, नाहीतर स्वतःला.” मला वाटलं तू बाबांचा अपमान करतो आहेस. नशीब, हरभऱ्यावर निभावलं.

टॅम्सिनला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, अंदाज होता. मग म्हणाली, तिच्या आजोबांचंही असंच होतं.

डेस्ली


९ ऑगस्ट

लायल,

उत्तर नाही, अंगठाही नाही. ठीक आहे. माझ्यावर चिडायचा तुला हक्क आहे, पण हे तरी वाच, कारण यात तुझ्या नावाचा प्रश्न आहे.

मला वाटलं बाबांना खरं सांगावं. ते शेतकरी आहेत, शेतात काय झालं ते कळण्याचा त्यांना अधिकार आहे. सकाळी चहा घेताना सांगितलं, हळू, समजेल असं. ते ऐकत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाले, “मी? मी असं काम करीन?” आणि रडले. मी आईच्या वेळीसुद्धा त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, दफनाच्या वेळी ते टोपी धरून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विचारतात, “ओढ्याकाठचा हरभरा कोणी मारला गं?”

पुसून गेलं होतं सगळं. परत सांगितलं. परत तेच, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. ‘मी? मी असं काम करीन?’ तिसऱ्या दिवशी माझ्याने होईना. म्हटलं, बघते, टॅम्सिनला विचारते. तर ते म्हणाले, “विचारायचं काय त्यात? लायलने मारला. तूच म्हणालीस ना.”

सोळा जुलैच्या पत्रात मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, बाबांना सांगितलं म्हणून. काय जेवले ते त्यांच्या लक्षात राहत नाही. आई गेली ते राहत नाही. मी रागाने एकदा उच्चारलेलं ते एक वाक्य मात्र पक्कं बसलं आहे. ते काढायला गेले तर त्या जागी त्यांचं स्वतःचं नाव घालावं लागतं, आणि ते टिकत नाही.

हेही घरातल्या घरात राहिलं असतं. पण रविवारी चर्च सुटल्यावर हॉलमध्ये चहा होता. मी स्कोनचे छोटे पाव वाटत होते. मागून बाबांचा आवाज, चांगला खणखणीत, तो अजून तसाच आहे. ते नोरीन शेल्बाखला सांगत होते की त्यांच्या मुलाने जाण्याआधी मुद्दाम शेतात विष पेरलं. आणि नोरीन मान हलवत होती. सात-आठ जण उभे होते, सगळे मान हलवत होते. कोणी म्हणालं, तो पहिल्यापासून जरा तिरसटच. तू त्या सगळ्यांच्या शेतांवर वेचणीला मदत केलेली आहेस. नोरीनचं वेचणी यंत्र पेटलं तेव्हा ब्लँकेट घेऊन आत शिरला होतास तू.

मी ताट खाली ठेवलं. मला सभेत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तरी म्हटलं, “लायलने काही केलेलं नाही. त्याने बाबांच्या हातातून किल्ल्या काढल्या होत्या. त्या मी परत दिल्या. शेत मेलं ते माझ्यामुळे.”

नोरीनने मी ठेवलेलं स्कोनचं ताट उचललं आणि पुढे वाटायला लागली. बाबा म्हणाले, घरी चल, गारठा आहे.

त्या दिवसापासून सकाळी ते विचारतात, हरभरा कोणी मारला, आणि मी सांगते, “मी मारला, बाबा. दोनदा फवारणी झाली.” हे त्यांना पटतं. मला रोज बोलणी बसतात. माप बघितलं नाहीस, वही बघितली नाहीस, पुढचं पीक डोळ्यासमोर ठेवून मारायचं असतं, तुझं लक्ष कुठे असतं. वय वर्षं अठ्ठावन्न, आणि टोस्ट करपेपर्यंत मी उभी राहून ऐकते. कंटाळा येतो, राग येतो, कधीकधी वाटतं ओरडावं. पण ते रडत नाहीत. आणि त्यात फार खोटं नाही.

किल्ल्या माझ्याकडे आहेत. कमरेला बांधून फिरते, तुरुंगाधिकाऱ्यासारखी. ट्रॅक्टरच्याच नाहीत, सगळ्याच.

मला ऑक्टोबरची पेरणी एकटीला झेपणार नाही. यंत्र चालवायचं की बाबांवर नजर ठेवायची, दोन्ही एका वेळी होत नाही. हे तुला सांगणं माझ्या जिवावर आलंय, तेवढं समजून घे. ये म्हणत नाही. येशील का, विचारते.

डेस


२ सप्टेंबर

लायल,

दोन पानं. पाठपोट. मी आधी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना.

तुझ्या अटी वाचल्या. घरात नाही, शेडवरच्या खोलीत राहणार: राहा, पण तिथे ऑगस्टपासून उंदीर आहेत आणि त्यांनी अटी घातलेल्या नाहीत. किल्ल्या तुझ्याकडे राहणार: राहू देत, माझ्या कमरेला वळ उठलेत. बाबांना डॉक्टरकडे तू नेणार आणि मी मध्ये बोलणार नाही: नेणं मान्य आहे. न बोलण्याचा प्रयत्न करीन, वचन देत नाही. मी तुला चर्चमध्ये निर्दोष ठरवलं त्याबद्दल तू आभार मानलेले नाहीस आणि मीही मागत नाही. “तू बाबांना माझं नाव सांगितलंस ते मी विसरणार नाही” असं लिहिलंस, तेही वाचलं. विसरू नकोस. मीही विसरणार नाही.

शेताचं सांगते. हरभरा नांगरून टाकला. फाटकाजवळचा हिरवा तेवढा ठेवला आहे, बाबा तिथे जाऊन बघतात. आता मात्र माती चाळीस ठिकाणची आणली, व्हरांडाभर कुंड्या झाल्या. पट्ट्यांतल्या मातीत हरभरा अजून मरतो, गहूसुद्धा रडतखडत येतो. टॅम्सिन म्हणते, या उन्हाळ्यात ती जमीन फक्त कपाशी सोसेल. म्हणजे ज्या कपाशीपासून तिला विश्रांती द्यायची होती, तीच पुन्हा. डोकं आपटावंसं वाटलं. पण या खेपेला मुरणारं औषध एक थेंबही नाही, फ्लीबेन माणसं लावून खुरप्याने काढायचं. पाणी वेळेवर द्यायचं, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते उतरेल असं ती म्हणते. तुझी चोवीस ओळींची मशीन मी सुरू करून पाहिली. ती माझ्याशीही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आज सकाळी नेहमीप्रमाणे प्रश्न, नेहमीप्रमाणे माझं उत्तर, मग बोलणी. शेवटी बाबा म्हणाले, “लायलला आधी विचारायचं होतंस. फवारणीतलं त्याला कळतं.”

मी म्हटलं, “विचारलंय. वीस तारखेला येतोय तो.”

“इथे?”

“इथे. पेरणीला.”

ते खिडकीतून खाली ओढ्याकडे बघायला लागले. मी वाट बघत होते की आता म्हणतील, त्याने शेतात विष पेरलं. तसं काही म्हणाले नाहीत.

“तो गेल्यापासून माणूस नव्हतं गं कोणी,” ते म्हणाले. “मला जावं लागलं खाली. आता तो आहे म्हणतेस, तर मी नाही जाणार.”

मग त्यांनी टोस्टला लोणी लावलं आणि मला विचारलं, माझा चहा गार का झाला.

बाकीचं आल्यावर बोलू.

डेस